लोकमत चॅनेलवाले घडवतात म्हणे. मग दिंडोरीत काय झालं?

कांदेकर
काल इथे सोमवारपेठ यांनी लिहिलं की "सामान्य माणसाला स्वतःचं मत नसतं, रात्री 9 ला चॅनेल जे ओततं तेच सकाळी त्याच्या तोंडून बाहेर पडतं, मग निवडणुका घ्यायच्या कशाला." त्यावर लाइकचा पाऊस. मी रात्रभर गप्प बसलो, आता राहवत नाही. (लोकमत म्हणजे पेपर म्हणत नाहीये मी, आधीच सांगतो.)

आम्ही निफाडकडचे. डिसेंबर 2023 ला केंद्राने कांदा निर्यात बंद केली तेव्हा भावाच्या खळ्यावर माल पडून होता. पंधरा दिवसांत भाव निम्म्यावर आला. त्या काळात चॅनेलवर कांदा किती वेळा दिसला? एकदाही नाही म्हटलं तरी चालेल. कांदा टीव्हीवर येतो तो महाग झाला की. मग बाई पिशवी दाखवते, अँकर डोळे पुसतो, "गृहिणींचं बजेट कोलमडलं". स्वस्त झाला की तो बातमी नसतो, आमचं बजेट हे बजेट नसतं.

बंदी उठली मे 2024 मध्ये, तीही 40 टक्के शुल्क लावून. पुढे 1 जूनला बहुतेक एक्झिट पोलनी रालोआला (एनडीएला) 350 च्या वर दिले, काहींनी 400. निकालात आल्या 293. आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीत भाजपच्या केंद्रीय राज्यमंत्री भारती पवारांना शरद पवार गटाच्या भगरे सरांनी, एका शिक्षकाने, लाखाहून जास्त मतांनी पाडलं. नाशिक गेलं, नगर गेलं, शिर्डी गेली. हे मत कुठल्या चॅनेलने ओतलं होतं? आमचं मत बाजार समितीच्या पट्टीवर (माल विकल्याच्या पावतीवर) छापून येतं, साहेब.

सोमवारपेठ
तो पुण्याचा सोमवारपेठ मीच. लेख छान, पण पिक्चर मध्यंतरापर्यंतच दाखवलात. त्याच 2024 च्या नोव्हेंबरात काय झालं ते का नाही लिहिलं? नाशिक जिल्ह्यात 15 पैकी 14 जागा महायुतीला. शेतकरी तेच, कांदा तोच. पाच महिन्यांत मत पट्टीवरून उडून गेलं?

कांदेकर
लाडकी बहीण आली ना मध्ये. 1500 रुपये खात्यात पडले ते काय चॅनेलने टाकले? उलट माझंच म्हणणं सिद्ध होतं. खात्यात काय आलं आणि खात्यातून काय गेलं, बाई त्यावर मत देते.

सोमवारपेठ
म्हणजे चॅनेल नाही, पैसा. हे मोठंच स्वतंत्र लोकमत.

वहिनी_ऐरोली
सोमवारपेठ, तुमच्या गृहकर्जावरच्या व्याजाची करसवलत वाचून तुम्ही मत ठरवता तेव्हा तो "आर्थिक विचार" असतो. माझ्याकडे भांड्याला येणाऱ्या ताईंनी 1500 वर ठरवलं की ती विकली गेली. छान आहे.

माजी_वार्ताहर
चॅनेल-चॅनेल काय लावलंय. मी 11 वर्षं एका पेपरचा तालुका वार्ताहर होतो (नाव विचारू नका, अजून दोन बिलं अडकलीत). पगार नाही, छापलेल्या बातमीमागे चिल्लर, आणि वर्षाला जाहिरातीचं टार्गेट. आमदाराच्या वाढदिवसाची पुरवणी मीच भरायची आणि निवडणुकीत त्याच्याबद्दल "निर्भीड" बातमीही मीच द्यायची. 2009 च्या विधानसभेला पॅकेजचे दर ठरलेले होते: मुलाखत एवढी, प्रचारफेरी एवढी. एकाच पानावर एकाच मतदारसंघाचे दोन उमेदवार "प्रचंड मताधिक्याने विजयी होणार", दोघांचेही पैसे पोचलेले. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने 2010 मध्ये या पेड न्यूजवर नावानिशी अहवाल लिहिला, तो कौन्सिलने आधी पूर्ण प्रसिद्धही केला नाही. तेव्हा कांदेकर, वाचक बिघडत नाही हे खरं असेल. पण त्याला जे कळायला हवं होतं ते आम्ही कळू दिलं नाही, त्याचं काय?

कांदेकर
याला उत्तर नाही माझ्याकडे. म्हणजे आहे, पण तुमची बिलं निघाल्यावर देतो.

जावळीकर
लोकांचं मत, स्वतंत्र मत, ठीक आहे. मत मशीनमध्ये पोचतं का बघा आधी. आमच्या साताऱ्याला लोकसभेत शरद पवार गटाचा उमेदवार साधारण 33 हजारांनी पडला. आणि पिपाणीवाल्या अपक्षाला 37 हजार! राष्ट्रवादी शरद पवार गटाचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस, अपक्षाचं ट्रम्पेट, म्हणजे पिपाणी, आणि आयोगाच्या यादीत तिचं मराठी नाव चक्क "तुतारी". अख्खा प्रचार "तुतारी तुतारी" करत झाला होता. आमच्या आजीने मतदान करून आल्यावर विचारलं, "त्यात माणूस कुठं व्हता रं?" घरात सगळे गप्प.

कांदेकर
दिंडोरीतही तेच. तिथे तर पिपाणीवाला आडनावानेही भगरेच! लाखावर मतं घेतली. सर तरी निवडून आले म्हणून कोणी बोललं नाही.

अंधेरीकर77
सॉरी, पण हेच तर म्हणतोय सोमवारपेठ. ज्याला माणूस आणि बाजा यातला फरक दिसत नाही त्याच्या "लोकमता"चं कौतुक काय करायचं? अडाणी मतदार म्हटलं की राग येतो, पण आहे ते आहे.

जावळीकर
अडाणी कोणाला म्हणतो रे? 81 वय आहे तिचं. 1967 पासून एक मतदान चुकवलेलं नाही. तुमच्या दक्षिण मुंबईत 20 मे ला कसंबसं 50 टक्के झालं. गडचिरोली-चिमूरला 70 च्या वर, आणि तिथे बऱ्याच भागात मतदान दुपारी 3 लाच बंद होतं. कोण अडाणी ते ठरव आणि मग ये.

अंधेरीकर77
अंधेरी दक्षिण मुंबईत येत नाही, एवढं तरी माहीत करून घ्या. आणि मी गेलो होतो. दोन तास उन्हात उभा. पंखा नाही, पाणी नाही, शेवटी कळलं यादीत नावच नाही. बायकोचं आहे, माझं नाही, पत्ता एकच. आधी ऑनलाइन तपासलं होतं, तेव्हा होतं! माझं मत तर बाजापर्यंतही पोचलं नाही.

वहिनी_ऐरोली
म्हणजे तुम्ही दोघं एकाच दुःखाने भांडताय.

अंधेरीकर77
नाही. त्यांच्या आजींचं मत निदान कोणाच्या तरी खात्यात गेलं.

सोमवारपेठ
पिपाणीत माझा मुद्दा बुडाला. असो. मान्य, जून 2024 ला चॅनेल तोंडावर पडले आणि "लोकांना मत नसतं" हे मी जरा चढून लिहिलं. सुधारून लिहितो: लोकांना मत असतं, ते पाच वर्षांतून एकदा विचारलं जातं, आणि विचारणाऱ्याचं अक्षर वाचता येत नाही. खूश?

माजी_वार्ताहर
पाच वर्षांतून एकदा? मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 ला संपली, पुण्याचीही. 2025 च्या मे मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की निवडणुका घ्या. तोवर तीन वर्षांवर प्रशासकच होता. तुमच्या पेठेत त्यासाठी किती मोर्चे निघाले? खड्ड्यांचे रील मात्र रोज बघितले मी.

सोमवारपेठ
एक निघाला होता. मी गावाला होतो.

कांदेकर
हा हा. वाक्य जपून ठेवतो. पण नोव्हेंबरबद्दल तुमचं अर्धं खरं आहे हे कबूल करतो, अर्धंच. आमच्या गल्लीत भावाने आणि वहिनीने वेगवेगळं मत दिलं आणि दोघांना वाटतं आपलंच बरोबर. घरात अजून त्यावर बोलत नाहीत. मी ज्याला "आमचं मत" म्हणत होतो ते भावाचं होतं, वहिनीला मी विचारलंच नव्हतं.

वहिनी_ऐरोली
स्क्रीनशॉट घेतला आहे.

अंधेरीकर77
जावळीकर, "अडाणी" मागे घेतो. उन्हाची आठवण निघाली की डोकं फिरतं माझं. पण विधानसभेलाही पिपाणी यादीत होतीच ना? मग आजींना नीट समजावलंत की नाही?

जावळीकर
समजावलं म्हणजे काय, कागदावर दोन्ही चिन्हं काढली आणि फ्रिजवर चिकटवली. हा माणूस, हा बाजा, बघ नीट. आठवडाभर रोज उजळणी. शेवटी एक दिवस वैतागली. म्हणाली, "लोकसभेला बी मला दिसत व्हतं. मला पिपाणीलाच द्यायचं व्हतं. तुमास्नी इचारून द्यायचं का?"

आता ती खरं बोलली की लाज झाकायला बोलली, ते तिलाच माहीत. फ्रिजवरचा कागद मी काढून टाकला.