मदत हवी आहे: वसवसा (मनात पुन्हा पुन्हा येणाऱ्या शंका), वाचन आणि लोकलचा प्रवास. कोणती पुस्तकं घेऊ?

सर्वांना नमस्कार आणि सलाम.

मी मुंब्र्याजवळ कौशाला राहते. नोकरी तुर्भ्याला मसाला मार्केटमध्ये, एका गाळ्यावर हिशोबाला. मुंब्र्याहून ठाणे, तिथे गाडी बदलून तुर्भे. सकाळी ऐरोली-रबाळ्याला गर्दी उतरली की बसायला मिळतं आणि पुस्तक उघडता येतं. जाता-येता मिळून दिवसाला तासभर तरी माझा असतो. त्या तासात काय वाचू, हे विचारायला हा धागा काढलाय. जरा लांबलंय, पण मागचं सांगितल्याशिवाय विचारता येणार नाही.

आधी भाषेचं सांगते. आम्ही मूळचे म्हसळ्याकडचे. घरात कोकणी बोली, शाळा मराठी माध्यमाची. कुराण अरबीत वाचायला लहानपणीच शिकले, पण अर्थ कळत नाही. उर्दू अक्षर जोडून जोडून वाचते, एका पानाला अर्धा तास जातो. इंग्रजी सोपं असेल तर जमतं. मनात विचार येतात ते मराठीत. त्यामुळे तसव्वुफवरचं, म्हणजे सूफी विचारावरचं काही वाचायचं म्हटलं की माझी अडचण होते. मशिदीजवळच्या दुकानात सगळं उर्दू, आणि मराठी पुस्तकांच्या दुकानात त्या विषयाचं फारसं काही नसतं.

आता मूळ गोष्ट. गेल्या रमजानमध्ये अब्बा गेले. चाळीस दिवस झाले, पाहुणे पांगले आणि मला वजू (नमाजआधी हात-तोंड-पाय धुणं) करताना शंका यायला लागल्या. उजवं कोपर नीट भिजलं का? तीनदा धुतलं की दोनदाच? शंका आली की पुन्हा पहिल्यापासून. एका फजरला, म्हणजे पहाटेच्या नमाजला मी अकरा वेळा वजू केली आणि तोवर नमाजची वेळ निघून गेली. आमच्याकडे पाणी ठरलेल्या वेळेला येतं. धाकटा भाऊ मोरीबाहेर बादली घेऊन उभा, तोंडातून शब्द नाही. अम्मी आतून फक्त नळाचा आवाज ऐकत असायची. कोपरांना आणि बोटांच्या पेरांना भेगा पडल्या. गाळ्यावर ब्याडगी मिरचीची पोती हलवली की जी धूळ उडते ती त्या भेगांत जाऊन अशी झोंबते की डोळ्यांत पाणी येतं. शेजारच्या गाळ्यावरचे काका विचारायचे, "काय झालं गं हाताला?" मी साबणाची अॅलर्जी म्हणून सांगायचे.

शेवटी भावानेच नेलं समुपदेशकाकडे. त्यांनी सांगितलं, तुमच्यात ज्याला वसवसा म्हणतात त्याच्यासारखाच हा ओसीडी नावाचा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. आता एक तांब्या पाणी ठरवून घेते, वजू एकदाच, आणि शंका राहिली तरी तशीच मुसल्ल्यावर (नमाजच्या चटईवर) उभी राहते. पहिल्या आठवड्यात छाती अशी धडधडायची की सूरह विसरायचे. आता बरंच बरं आहे. अजून पूर्ण नाही.

आणि इथे पुस्तकांचा प्रश्न येतो. मधल्या काळात मी मसल्यांची, म्हणजे धार्मिक नियमांची चार-पाच पुस्तकं घेतली होती. वजूचं प्रकरण रोज वाचायचे. तेच पान, त्याच ओळी, पेन्सिलीच्या खुणा इतक्या की कागद फाटला. समुपदेशकांना ती पुस्तकं दाखवली तर त्या म्हणाल्या, "हे वाचन नाही, हेही हात धुणंच आहे." खात्री मिळावी म्हणून वाचायचं, दोन मिनिटं बरं वाटायचं, की पुन्हा वाचायचं. हे मला फार लागलं, कारण मी स्वतःला वाचणारी मुलगी समजत होते.

म्हणून मला खात्री देणारी पुस्तकं नकोत. शंका उरली तरी माणूस कसा जगतो, प्रार्थना कशी करतो, हे ज्यात असेल ती हवीत. कथा-कादंबरी चालेल, मानसशास्त्र चालेल, दीनी (धार्मिक) पुस्तक चालेल. तिन्ही एकमेकांशी बोलतील अशी मिळाली तर फारच बरं.

आतापर्यंत काय वाचलंय ते सांगते. मिलिंद बोकीलांची 'शाळा' दोनदा वाचली. जी.एं.चा 'काजळमाया' अब्बांच्या आजारपणात वाचला. त्यातलं काही कळलं, काही नाही, पण न कळलेलंही सोबत राहिलं. मैत्रिणीने सूफी कवी रूमी आणि त्यांचे गुरू शम्स यांच्यावरची 'द फॉर्टी रूल्स ऑफ लव्ह' ही कादंबरी दिली, ती दोन दिवसांत संपली. मात्र ते चाळीस नियम शम्सचे नसून लेखिकेचे आहेत हे नंतर कळलं आणि वाईट वाटलं. कादंबरी म्हणून तक्रार नाही. पण मला ज्या रूमीकडे जायचंय तो रोजा ठेवणारा, नमाज पढणारा माणूस आहे. गुलाबाच्या फोटोखालची दोन ओळींची वाक्यं नकोत. आणि 'सकारात्मक विचार करा' छापाचंही कृपया सुचवू नका.

एका वेळी एकच पुस्तक घेणार आहे. सुरुवात कुठून करू?

– कौशाची_वाचक

---

खाडीकाठ:

ताई, आधी एक कथा वाच, पुस्तक नंतर. इजिप्तच्या नगीब महफूझांची 'झाबलावी' नावाची कथा आहे. त्यांना १९८८ चं साहित्याचं नोबेल मिळालं. एका माणसाला असा आजार जडतो की कुणाकडे इलाज नाही, म्हणून तो झाबलावी नावाच्या वलीला (संताला) शोधत कैरोभर फिरतो. वकील, सुलेखनकार, गवई, सगळे त्याला ओळखतात, पण आता कुठे आहे ते कुणालाच सांगता येत नाही. शेवटी हा एका दारूच्या गुत्त्यात पिऊन झोपतो, जागा होतो तर डोकं ओलं. सोबतचा माणूस सांगतो, इतका वेळ झाबलावी तुझ्या उशाशी बसून तुझ्या डोक्यावर पाणी शिंपडत होते, आताच गेले. भेट होऊनही भेट नाही, आणि तरी शोध सुटत नाही. तुझ्या धाग्यात पाणी वाचलं आणि ही कथा आठवली. इंग्रजी भाषांतर सोपं आहे, ठाण्याहून तुर्भे येईपर्यंत संपेल.

आवडली तर त्यांचीच 'द थीफ अँड द डॉग्ज' घे. तुरुंगातून सुटलेला चोर एका सूफी शेखच्या दारात जातो. त्याला आसरा हवाय, बदला हवाय, आणि शेख पुन्हा पुन्हा एकच सांगतात, वजू कर आणि वाच. तो वजू करत नाही. मूळ कादंबरी १९६१ ची, लहानशी आहे. मात्र वजूचा उल्लेख वारंवार येतो, त्याचा त्रास होईल असं वाटलं तर आत्ता नको.

---

अबोली०७:

मी मानसशास्त्र शिकवते, ऐरोलीला राहते. तुमच्या समुपदेशकांनी अगदी योग्य नस पकडली आहे. खात्री मागत राहणं हा या आजाराचाच भाग असतो, मग ती अम्मीकडे मागा, मौलानांकडे मागा की पुस्तकाकडे. म्हणून पहिली विनंती: कुठलंही पुस्तक घेतलंत तरी पान उलटलं की मागे जायचं नाही. नीट कळलं नसेल तरी पुढे.

तुम्हाला अबू झैद अल-बल्खी माहीत आहेत का? नवव्या-दहाव्या शतकातले विद्वान, जन्म साधारण ८५० चा, मृत्यू ९३४. शरीर आणि नफ्स (मन) या दोहोंच्या आरोग्यावर त्यांनी एक ग्रंथ लिहिला. त्यातल्या मनाच्या भागात राग, भीती, दुःख आणि वसवसा अशा चार त्रासांचा वेगवेगळा विचार आहे. दुःखाचेही ते दोन प्रकार करतात, ज्याचं कारण ठाऊक आहे ते आणि ज्याचं कारण सापडत नाही ते. आणि एक फार व्यवहारी सल्ला देतात: घरात जशी औषधं आधीच आणून ठेवतो तसे मन शांत असताना चांगले विचार साठवून ठेवा, त्रासाच्या वेळी ऐनवेळी सुचत नाहीत. सुदानचे मानसशास्त्रज्ञ मलिक बद्री यांनी मनावरच्या भागाचं इंग्रजी भाषांतर केलंय, 'सस्टेनन्स ऑफ द सोल', २०१३ चं. हजार वर्षांपूर्वी एका मुसलमान विद्वानाने तुमच्या त्रासाला मनाच्या आजारांत जागा दिली होती, हे वाचून तुमच्या मनावरचं अपराधीपणाचं ओझं उतरेल असं मला मनापासून वाटतं.

ओसीडीवर सरळ मार्गदर्शन हवं तर जेफ्री श्वार्ट्झ यांचं 'ब्रेन लॉक', पण ते समुपदेशकांना विचारून. मराठीत वाचायचं तर आपल्या ठाण्याच्याच डॉ. आनंद नाडकर्णींचं 'स्वभाव-विभाव'. ते मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारपद्धतीवर आहे. 'असं झालंच पाहिजे' या हट्टाचं 'असं झालं तर बरं' कसं करायचं, हे त्यात घरातलं कुणी समजावल्यासारखं आलंय. तुमचा 'कोपर भिजलंच पाहिजे' यातला 'च' त्या पुस्तकाच्या पहिल्या रांगेत बसेल.

---

जुना_नौपाडकर:

बेटा, अब्बांचं वाचून वाईट वाटलं. मी हिंदू घरातला, पण गेली तीस-बत्तीस वर्षं या विषयाचं जमेल तसं वाचतोय, म्हणून लिहितो.

तू इमाम गझालींकडे जा, ते मोठे धर्मपंडित आणि सूफी. १०५८ ते ११११ हा त्यांचा काळ. त्यांच्या 'इह्या' या ग्रंथाकडे लगेच नको, ते चाळीस प्रकरणांचं मोठं काम आहे, आणि मृत्यू-आखिरतवरचं (मरणानंतरच्या जीवनावरचं) चाळिसावं प्रकरण तर तुझ्या आत्ताच्या अवस्थेत मुळीच नको. त्यांचं आत्मकथन आहे, 'अल-मुन्किध मिन अल-दलाल'. लहान आहे, मॉन्टगोमेरी वॉट यांचं इंग्रजी भाषांतर १९५३ पासून मिळतं. त्यात ते सांगतात की एका काळात त्यांचा डोळ्यांवर आणि बुद्धीवरही विश्वास उरला नव्हता. जवळजवळ दोन महिने हे चाललं आणि त्याला ते सरळ 'आजार' म्हणतात. आणि बरे कसे झाले? युक्तिवादाने नव्हे. अल्लाहने छातीत टाकलेल्या एका प्रकाशाने, असं ते लिहितात. पुढे १०९५ मध्ये बगदादला, मोठ्या मदरशात शिकवत असताना त्यांची जीभच अडली. शिकवायला उभे राहिले तरी शब्द निघेना, घास उतरेना. हकीम म्हणाले, हे दुखणं हृदयातलं आहे. एवढा मोठा आलिम (धर्मपंडित) हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो, याचं मला अजून नवल वाटतं.

तुला तिन्ही विषय एकमेकांशी बोलायला हवेत ना? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १९०२ च्या 'द व्हरायटीज ऑफ रिलिजिअस एक्स्पिरिअन्स'मध्ये गूढानुभवाच्या व्याख्यानात गझालींचं हेच आत्मकथन पानभर उद्धृत केलंय. ते पुस्तक जाड आहे, सगळं वाचू नकोस. तेवढं प्रकरण काढून वाच.

मराठीत म्हणशील तर विनोबांचं 'कुराणसार'. आपल्या पेण तालुक्यातल्या गागोद्याचा हा माणूस अरबी शिकला, वर्षानुवर्षं कुराण वाचलं आणि विषयवार निवड केली. अर्थ मराठीतून मनात उतरावा असं तुला वाटतं, त्याला याहून सोपी वाट मला माहीत नाही. श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद यांचा 'योगसंग्राम' ओवीबद्ध आहे, पण भाषा सतराव्या शतकातली. तो पुढे कधीतरी.

लोकलसाठी एक खास सांगतो. 'फवाइद-उल-फुआद'. दिल्लीचे सूफी संत निजामुद्दीन औलिया यांची १३०८ ते १३२२ मधली बोलणी त्यांचे मुरीद (शिष्य) अमीर हसन सिज्झी यांनी लिहून ठेवली. एकेक बैठक छोटी असते. कुणी प्रश्न विचारतो, शेख गोष्ट सांगतात, कधी डोळे भरून येतात, बैठक संपते. दोन स्टेशनांत एक होईल. हे हसन पुढे दक्षिणेत आले, त्यांची कबर आपल्या खुलताबादला आहे. ब्रूस लॉरेन्स यांचं इंग्रजी भाषांतर 'मॉरल्स फॉर द हार्ट' या नावाने आहे.

विकत घेण्याआधी ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात एकदा बघ. १८९३ पासूनचं ग्रंथालय आहे, जुन्या पुस्तकांची आशा तिथे जास्त.

---

मुंब्रा_स्लो:

सलाम, बाजी. माझ्या मोठ्या भावालाही हाच त्रास होता, म्हणून एवढंच लिहितो. आमच्या आलिमसाहेबांनी त्याला फिकहचा (इस्लामी धर्मशास्त्राचा) एकच कायदा पाठ करायला लावला होता: यकीन (खात्री) शकने (शंकेने) जात नाही. वजू केली हे यकीन, कोपर राहिलं असेल हा शक. त्यावर पुन्हा मसला विचारायला आला की ते बोलायचेच नाहीत, चहा मागवायचे. तेव्हा राग यायचा, आता कळतं. हदीसमध्ये हुजूरांची (पैगंबरांची) वजू एका मुद्द पाण्यात व्हायची असं आलंय, म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास. तुमचा तांब्या त्याच हिशोबाचा आहे.

---

कौशाची_वाचक:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री अम्मीला जुना_नौपाडकर काकांचा प्रतिसाद वाचून दाखवला. गझालींची जीभ अडली इथे ती थांबली आणि म्हणाली, "अब्बा गेले तेव्हा तुझंपण तेच झालं होतं, तीन दिवस घास नव्हता." माझ्या हे लक्षातही नव्हतं.

खाडीकाठ, 'झाबलावी' आज सकाळी वाचली. ऐरोलीला सुरू केली, कोपरखैरणे गेलं तरी डोकं वर केलं नाही, तुर्भ्याला उतरायचं राहता राहता राहिलं. शेवटची दोन पानं परत वाचाविशी वाटली, पण अबोलीताईंचं आठवून बंद केली. मुंब्रा_स्लो, मसल्यांची पुस्तकं भावाच्या ताब्यात दिली आहेत.

सध्या ठरवलंय ते असं: प्रवासात 'फवाइद', रोज एक बैठक. घरी रात्री 'स्वभाव-विभाव'. बल्खी आणि गझाली समुपदेशकांना विचारून, बहुतेक बकरी ईदनंतर. शनिवारी गाळा लवकर बंद झाला तर ग्रंथ संग्रहालयात जाऊन सभासदत्वाची चौकशी करते.

एकच विचारायचं राहिलं. 'कुराणसार'ची मराठी प्रत कुणाकडे असेल आणि महिनाभर देता येणार असेल तर कृपया कळवा. ठाणे ते पनवेल कुठेही घ्यायला येईन, आणि कव्हर घालून परत करीन. मसाला मार्केटची धूळ पानांना लागू देणार नाही.