हप्ता चुकला तेव्हा… (अनुभव धागा)

तिसरा_मजला

आमच्या सोसायटीत गेल्या महिन्यात एका दारावर बँकेची नोटीस चिकटली. दुपारी चारला चिकटली, सहापर्यंत सगळ्या विंगांना माहीत. त्या घरातल्या काकू दोन दिवस कचऱ्याचा डबा ठेवायलाही बाहेर आल्या नाहीत. वास्तुशांतीला आपण दोनशे पानं उठवतो, पण हप्ता चुकला की सख्ख्या भावालाही कळू देत नाही.

म्हणून हा धागा. नोकरी गेली, धंदा बसला, कमावतं माणूस गेलं आणि घराचा हप्ता थकला, तेव्हा तुम्ही काय केलंत? काय करायला नको होतं? 'अंथरूण पाहून पाय पसरावेत' हे सांगायला येणाऱ्यांनी कृपया नुसतं वाचावं.

सुरुवात माझ्यापासून. मोशीला वन बीएचके, २०२१ मध्ये घेतलेला. २८ लाख कर्ज, २० वर्षं, ७ टक्के, हप्ता २१,७००. तेव्हा रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो) ४ टक्के होता. मे २०२२ पासून तो चढायला लागला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहावर गेला. कर्ज रेपोला बांधलेलं, त्यामुळे आमचं व्याज साडेनऊ. बँकेने आधी गुपचूप मुदत ताणली. मग कळवलं की जुन्या हप्त्यात जेमतेम व्याज निघतंय, मुद्दल जागचं हलत नाही. नवा हप्ता २५,९००. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चाकणच्या कारखान्यातली आमची लाइन बंद झाली.

नोकरी सुटताना मिळालेले हिशेबाचे पैसे दोन हप्त्यांत गेले. ५ ऑक्टोबरला सकाळी सातला मोबाइल वाजला. पगाराच्या खात्यात ६१२ रुपये होते. हप्ता परत गेला म्हणून त्यातले ५९० बँकेने कापले, उरले २२. कर्जवाल्या बँकेने तिचे वेगळे ५९० लावले. चार दिवसांनी त्यांनी मॅन्डेट (खात्यातून हप्ता आपोआप कापायचा आदेश) पुन्हा टाकला, पुन्हा बाउन्स, पुन्हा दोन्हीकडून दंड. एका हप्त्यापायी २,३६० रुपये नुसते हवेत. खातं रिकामं आहे हे आपल्याला ठाऊक असेल तर 'या महिन्यात मॅन्डेट पुन्हा लावू नका' असं आधी कळवून बघता येतं, हे मला नंतर समजलं.

मी मात्र फोन घेणं बंद केलं. सहा आठवडे. अनोळखी नंबर दिसला की मोबाइल उशीखाली. शेवटी बायको फाइल घेऊन एकटी शाखेत गेली. कर्ज दोघांच्या नावावर, पण माझ्या डोक्यात ते 'माझं' होतं. तिने तिथे काय सांगितलं ते मला अजून नीट माहीत नाही. येताना अर्जाचा नमुना आणला आणि कपाटातून मोहनमाळ काढली. सोनेतारणावर १ लाख १० हजार मिळाले. त्यातून जुने हप्ते भरले, मुदत २५ वर्षं करून घेतली, हप्ता २३,४०० वर आला. फेब्रुवारीत रांजणगावला कमी पगाराची नोकरी लागली. मोहनमाळ सोडवायला डिसेंबर २०२४ उजाडला.

वडिलांना यातलं काही सांगितलं नव्हतं. त्यांना कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "जुन्नरला यायचं बंद का केलं होतंस ते आता कळलं."

ओली_भेळ

मालक, तो ५९० चा मेसेज मीही पाहिलाय. पैसे नाहीत म्हणून पैसे कापणारी ही जगातली एकमेव सेवा असावी.

द्राक्षवेल

नाशिक. टेम्पो ट्रॅव्हलरचा धंदा, शिर्डी-त्र्यंबक-सप्तशृंगी. मार्च २०२० मध्ये गाडी उभी राहिली ती राहिलीच. रिझर्व्ह बँकेने आधी मेअखेरपर्यंत, नंतर ३१ ऑगस्टपर्यंत हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली. आम्ही पूर्ण सहा महिने घेतली. आमच्या कॉलनीत अर्ध्या लोकांना ही हप्तेमाफी वाटली होती. मलाही.

घराचं कर्ज २५ लाख शिल्लक, व्याज ८ टक्के. सप्टेंबरात स्टेटमेंट काढलं तर शिल्लक २६ लाखांच्या वर! सहा महिन्यांचं व्याज मुद्दलात जाऊन बसलेलं. पुढे सरकारने व्याजावरचं व्याज परत द्यायचं ठरवलं (२ कोटींपर्यंतच्या कर्जांना). बायकोने देवापुढे साखर ठेवली. नोव्हेंबरमध्ये जमा झाले १,६८१ रुपये. एक डिझेलची टाकीसुद्धा भरली नसती.

तरी सांगतो, ती सवलत नसती तर गाडी आणि घर दोन्ही गेलं असतं. फुकट मिळत नव्हतं इतकंच कुणीतरी धड मराठीत सांगायला हवं होतं.

सायली_डोंबिवली

लिहू की नको करत होते.

एप्रिल २०२१ मध्ये नवरा गेला. कोविड. ४१ वर्षांचा. मी तेव्हा नोकरी करत नव्हते, मुलगी सहावीत. तेराव्याच्या दिवशी हप्त्याचा मेसेज आला. कुणी वाईट केलं असं नाही, यंत्र आपलं काम करत होतं. पण तो मेसेज त्याच्या फोनवर आला, आणि त्याच्या फोनचा आवाज ऐकून मुलगी धावत आली.

तीन हप्ते चुकायच्या बेतात होते. दीर म्हणाले, फ्लॅट विकून आमच्याकडे चला. कर्जाची फाइल उलटताना तळाशी एक गुलाबी कागद सापडला. कर्ज घेताना बँकेने गळ्यात मारलेला विमा. त्याच्या ६२ हजारांच्या हप्त्यावरून आमचं भांडण झालं होतं, 'हे लुटतात' असं मीच म्हणाले होते. तो कर्जाचा विमा निघाला. फक्त नवऱ्याच्या नावावर आणि पूर्ण रकमेचाही नव्हता. शिल्लक २२ लाख, त्यातले १४ लाख विम्याने फिटले. त्यासाठी साडेचार महिने, मृत्यूच्या दाखल्याच्या अकरा प्रती आणि 'इस्पितळाचे मूळ कागद' तीन वेळा.

राहिलेल्या आठ लाखांचा हप्ता बँकेने माझ्या नावावर नव्याने बांधून दिला. मी आता पोळी-भाजी केंद्र चालवते, सकाळी पाचला उठते. ज्यांच्याकडे कर्ज आहे त्यांनी आज रात्री फाइल काढून विम्याचा कागद वाचा. कोणाच्या नावावर आहे, किती रकमेचा आहे, नोकरी गेली तर काही मिळतं का. बहुतेकांत नोकरीचं काहीच नसतं.

तिसरा_मजला

सायलीताई, लिहिलंत म्हणून आभार. बाकी काय बोलू.

काउंटर_नंबर_तीन

३१ वर्षं बँकेत काढली, शेवटची नऊ वसुलीत. शिव्या खाल्ल्या आहेत, त्यामुळे सवय आहे.

दिवस मोजायला शिका. हप्ता चुकल्यापासून ३० दिवसांपर्यंत खातं एका खणात, ६० पर्यंत दुसऱ्या, ९० पर्यंत तिसऱ्या. नव्वदी ओलांडली की एनपीए, म्हणजे बुडीत खात्याचा शिक्का. पैसे भरले की ते आधी सर्वांत जुन्या थकबाकीला लागतात. म्हणून तीन हप्ते थकत आले असतील आणि हातात एकाचेच पैसे असतील, तरी तो एक भरा. दिवस मागे जातात. मात्र एकदा एनपीए झालं की एका हप्त्याने भागत नाही, संपूर्ण थकबाकी भरल्याशिवाय खातं नियमित होत नाही. ८५ वा दिवस आणि ९५ वा दिवस यांत दहा दिवसांचं अंतर नाही, दोन मजल्यांचं आहे.

आता दारावरच्या नोटिशीबद्दल. २००२ च्या सरफेसी कायद्यात बँक कोर्टात न जाता ताबा घेऊ शकते, पण एका रात्रीत नाही. आधी कलम १३(२) ची नोटीस, ६० दिवसांची. तिला लेखी हरकत घेता येते आणि ती मान्य नसेल तर बँकेला १५ दिवसांत कारणं कळवावी लागतात. माझ्या नऊ वर्षांत अशी हरकत देणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. लोक नोटीस देवघरात ठेवतात. नंतर ताब्याची नोटीस, ती दोन वर्तमानपत्रांत छापून येते. बहुतेक वेळा हा कागदोपत्री ताबा असतो, माणसं घरातच असतात. त्याविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येतं. पहिल्या लिलावाआधी ३० दिवसांची नोटीस. लिलावात देणं फिटून जास्त आले तर उरलेले पैसे तुमचे, बँकेचे नाहीत.

आणि १ एप्रिल २०२४ पासून नव्या कर्जांना आणि जून २०२४ संपल्यापासून जुन्या कर्जांनाही दंड 'दंडव्याज' म्हणून व्याजदरात मिसळता येत नाही, त्या दंडावर पुन्हा व्याजही नाही. स्टेटमेंट मागून तपासा. आमच्या लोकांच्याही चुका होतात.

ओली_भेळ

काका, वसुलीवाले रात्री साडेनऊला माझ्या मेव्हणीला फोन करायचे. तिचा काय संबंध?

काउंटर_नंबर_तीन

काही नाही. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला मनाई आहे, आणि नातेवाइकांना त्रास देणं तर नाहीच नाही. फोनची तारीख-वेळ लिहून ठेवा, आधी बँकेकडे लेखी तक्रार. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. फी लागत नाही.

मागाचा_खडखडाट

इचलकरंजी. आमचं नाव वर्तमानपत्रात आलं होतं. यंत्रमाग बसले, घर तारण. वडिलांचं पूर्ण नाव, गट नंबर, चतुःसीमा, सगळं छापलेलं. त्या दिवशी चहाच्या टपरीवर तो अंक घडी करून माझ्यासमोर ठेवला गेला, कुणी एक शब्द बोललं नाही.

लिलावाची वाट न बघता आम्हीच गिऱ्हाईक शोधलं. बँकेला लेखी कळवलं, खरेदीदाराने पैसे थेट कर्जखात्यात भरले, मग कागद सुटले. घर गेलं ४१ लाखांना, देणं २७. आता भाड्याने राहतो. वडील पहिल्या महिन्यात म्हणाले, "झोप लागली रे." चार वर्षांत पहिल्यांदा.

एडिसनची_वहिनी

न्यू जर्सीहून. २०२० मध्ये इथे संघराज्य सरकारचं पाठबळ असलेल्या गृहकर्जांना आधी १८० दिवस आणि मागितले तर आणखी १८० दिवस हप्ते थांबवता येत होते. यांची नोकरी मे महिन्यात गेली. आम्ही फोन केला, उत्पन्नाचा एक कागदही मागितला नाही. थांबवलेले हप्ते कर्जाच्या शेवटाला जोडले. सगळं सुरळीत. फक्त सासूबाईंना कोथरूडमध्ये अजून माहीत नाही. हे वाचत असतील तर, आई, आता सगळं ठीक आहे.

ओली_भेळ

😂 वहिनी, आता कळलं त्यांना.

पाच_तारीख

गेले तीन दिवस नुसती वाचत होते. पनवेल. मिस्टरांचं काम जूनपासून बंद, दोन हप्ते गेलेत, आज ५८ वा दिवस (आत्ताच मोजले). उद्या शाखेत जायचं ठरवलंय. इंग्रजीत लिहायची सवय नाही. अर्ज मराठीत चालतो का?

काउंटर_नंबर_तीन

चालतो. उत्पन्न कधीपासून बंद, सध्या दरमहा किती भरू शकता आणि मुदत वाढवून हवी, या तीन गोष्टी लिहा. दोन प्रती न्या. एकीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. जमलं तर उद्याच एक हप्ता भरा.

पाच_तारीख

एकाचे आहेत. भरते.

सायली_डोंबिवली

विम्याचा कागदही बघून जा गं.