पायथन: जुनं पुस्तक घ्यावं का डॉक्युमेंटेशन वाचावं?

प्रश्न (परभणी)
बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे, सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा थोडीफार येते, आता पायथन शिकायचंय. पायथनची जुनी पुस्तकं निम्म्या किमतीत मिळतायत, पण घ्यावं का कळंना. अधिकृत डॉक्युमेंटेशन उघडलं तर सुरुवात कुठून करायची तेच समजत नाही. लॅपटॉपवर विंडोज ७, घरी नेटला रेंज नाही.

उत्तर (लातूर)
पुस्तक दुकानातच चाळून बघा. स्क्रीनवर मजकूर दाखवणाऱ्या प्रिंट आज्ञेपुढं कंस नसेल तर ते पायथन २ चं, घेऊ नका. त्या आवृत्तीचा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला. कंस द्यायचा राहिला तर पायथन ३ लगेच एरर देतं, त्याची भीती नाही. खरा घात भागाकारात होतो. २७५ किलो सोयाबीनचे क्विंटल काढायला १०० नं भागा: पायथन २ म्हणतं २, पायथन ३ म्हणतं २.७५. एरर कुठंच नाही. पुस्तकातलं उत्तर जुळत नाही आणि शिकणाऱ्याला वाटतं आपलंच चुकलं.

एफ-स्ट्रिंग (मजकुरात थेट व्हेरिएबलची किंमत घालायची पद्धत) शिकवलेली असेल तर पुस्तक पायथन ३.६ किंवा त्यानंतरचं. तेवढं चालतंय.

उत्तर (नांदेड)
विंडोज ७ वर ३.८ च्या पुढचं पायथन चालत नाही, सर्व्हिस पॅक १ (विंडोजचं अपडेट) पण लागतो. ३.८.१० च घ्या, त्यानंतरच्या ३.८ ला विंडोजचा इन्स्टॉलरच नाही. इन्स्टॉल करताना डॉक्युमेंटेशनपुढची टिक काढू नका. सगळं मॅन्युअल लॅपटॉपवर येतं, आयडलमध्ये (पायथनबरोबर येणारा एडिटर) एफ१ दाबलं की नेटशिवाय उघडतं. आवृत्तीही तुमचीच. नेटवर नवीन पानं वाचली तर मॅच-केस (अनेक पर्यायांतून निवडायची रचना) दिसेल, ते ३.१० पासूनचं आहे, तुमच्याकडं सिंटॅक्स एरर येईल.

वाचायला त्याच मॅन्युअलमधल्या ट्यूटोरियलपासून लागा, लँग्वेज रेफरन्सला (भाषेचे काटेकोर नियम देणारा भाग) आत्ता हात लावू नका. प्रकरण ३, ४, ५ नीट, टाइप करत करत. मग ७ आणि ८. प्रकरण ९, म्हणजे क्लास (स्वतःचे डेटाप्रकार बनवणं), नंतर, त्याची सुरुवातच स्कोप आणि नेमस्पेसनं (कोणतं नाव कुठं चालतं याचे नियम) होते, जड जातं. ट्यूटोरियलमध्ये स्वाध्याय नाहीत, म्हणून पुस्तक लागतंच. सोडवायला भरपूर उदाहरणं असलेलं घ्या.

प्रश्नकर्ता
धन्यवाद दादा. क्रम लावणाऱ्या सॉर्टेड फंक्शनच्या माहितीत कंसात तिरपी रेघ (/) आणि तारा (*) दिसतो, ते काय?

उत्तर (नांदेड)
रेघेच्या आधीची किंमत नुसती द्यायची, ताऱ्यानंतरची तिच्या नावासकटच. उलटा क्रम हवा तर 'reverse=True' असं पूर्ण लिहा. नुसतं ट्रू दिलं तर टाइप एरर.