मदत हवी आहे: अमेरिकेतील लहान गावाच्या बँकेची १९२९ ची नोट घ्यावी का?

आयोवावासी: एका लहान गावातील घरसामानाच्या विक्रीत १९२९ मालिकेची, तपकिरी शिक्क्याची दहा डॉलरची नोट आहे. तिच्यावर ‘नॅशनल करन्सी’ असे छापलेले असून विक्रेता चारशे डॉलर मागतो आहे. उद्या उत्तर द्यायचे आहे. किंमत योग्य आहे का, एवढेच सांगावे.

नोटसंग्राहक: बँकेचे नाव सांगितल्याशिवाय कसे सांगणार? तेव्हा गावोगावच्या राष्ट्रीय बँका, म्हणजे केंद्र सरकारचा परवाना असलेल्या खासगी बँका, स्वतःच्या नावाने नोटा काढत. त्या मालिकेत फेडरल रिझर्व्ह बँकांच्या, म्हणजे देशाच्या मध्यवर्ती बँकव्यवस्थेतील प्रादेशिक बँकांच्या, नोटांवरही तेच शब्द आणि तसाच तपकिरी शिक्का आहे. डावीकडे शिकागोच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचे नाव असेल, तर ती गावाच्या बँकेची नोटच नव्हे.

आयोवावासी: बँक गावातलीच आहे. चार्टर क्रमांक, म्हणजे बँकेच्या परवान्याचा क्रमांक, डावीकडे आणि उजवीकडे काळ्या शाईत असून अनुक्रमांकाशेजारी तपकिरी रंगातही आहे. मधोमध घडी आहे.

मिरजकर: म्हणजे या मालिकेतील दोन प्रकारांपैकी दुसरा, १९३३ पासूनचा. आधी ग्रेडिंग, म्हणजे तज्ज्ञ संस्थेकडून नोटेची प्रत ठरवून प्रमाणपत्र, करून घ्या. माझ्या नोटेला प्रमाणपत्र मिळाल्यावरच चांगले गिऱ्हाईक मिळाले. घडी हलक्या इस्त्रीने जाईल.

नोटसंग्राहक: कृपया इस्त्री अजिबात करू नये, कारण दाबलेला कागद जाणकाराला लगेच ओळखता येतो आणि किंमत घसरते. उद्या उत्तर द्यायचे असताना ग्रेडिंगचाही उपयोग नाही. खरा प्रश्न त्या बँकेच्या किती नोटा आज शिल्लक आहेत हा आहे. १९०० च्या कायद्याने तीन हजारांपर्यंत वस्तीच्या गावात केवळ २५,००० डॉलरच्या भांडवलावर राष्ट्रीय बँक काढता येऊ लागली. अशा बँकांनी नोटा थोड्याच काढल्या आणि त्यांतल्या बहुतेक परत जाऊन नष्ट झाल्या, म्हणून एकाच मालिकेच्या, सारख्याच दिसणाऱ्या दोन नोटांच्या किमतींत प्रचंड अंतर पडते.

डॉलरवाले काका: ही नोट आजही कायदेशीर चलन आहे, बँकेत दहा डॉलर नक्की मिळतात.

मिरजकर: काका, तो प्रश्नच नाही. आयोवावासी, गावाचे नाव द्या.

आयोवावासी: ते येथे लिहिणार नाही, दुसरे कोणी आधी पोहोचेल.

नोटसंग्राहक: तर स्वतःच पाहा. त्या चार्टर क्रमांकाच्या, याच प्रकारच्या आणि घडी पडलेल्या नोटा लिलावात प्रत्यक्ष कितीला गेल्या ते शोधा. विक्रेत्यांनी जाहिरातीत मागितलेले आकडे धरू नका. लिलावांत तिच्यासारख्या नोटा वारंवार दिसल्या, तर चारशे डॉलर देऊ नका.