करवंटीची एकतारी पावसात उतरते, काय करावं?

प्रश्न (देवगड)
करवंटीचं तोंड ११ सेंमी, त्यावर बकऱ्याचं कातडं. दांडा माणग्याचा (कोकणातला बांबू), तार गिटारची स्टीलची, ०.०१६ इंची; घोडीपासून (कातड्यावर तार पेलणारा ठोकळा) अटीपर्यंत (दांड्याच्या वरच्या टोकाला तार टेकते ती पट्टी) ६० सेंमी. सूर काळी एक, म्हणजे १३८ हर्ट्‌झ. मे संपेपर्यंत ठीक होती. मृग लागल्यापासून सकाळी लावलेला सूर दुपारी अर्धा स्वर उतरलेला असतो आणि घोडीवर तार झणझणते. कातडं विस्तवावर शेकलं की तासभर बरं. शिवाय दांडा जिथून बाहेर पडतो तिथे करवंटीला केसाएवढी चीर गेलीय. कातड्याऐवजी पोफळीची विरी (झावळीच्या बुडाचं जाड आवरण) चालेल का?

उत्तर (वेंगुर्ला)
शेकणं आधी थांबवा, कडेचा गोंद सुटतो. दमट हवेत कातडं सैल पडतं, घोडी खाली बसते, तारेचा ताण जातो. तार घोडीवर नीट दाबलेली राहत नाही म्हणून झणझणते. कोकणात चार महिने हेच चालणार, तेव्हा कातडं काढून लाकडाची तबकडी बसवा. चीनमधल्या बानहूलाही नारळाचीच करवंटी असते, तोंडावर पातळ फळी.
अर्धा मिमी जाडीच्या व्हीनियरचे (लाकडाचा पातळ पापुद्रा) तीन थर घ्या, मधल्याचे रेषे आडवे. दोनच थर लावलेत तर तबकडी हमखास वाकते. गोंद दोन ट्यूबचा इपॉक्सी. पांढरा गोंद ओलाव्यात मऊ पडतो. काचेवर १२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून करवंटीची कड त्यावर गोल गोल घासा. काचेवर उलटी ठेवल्यावर खालून उजेड दिसता कामा नये. तबकडीला दोन्ही बाजूंनी पॉलियुरेथेनचे दोन हात द्या. आतली बाजू बसवण्याआधीच, नंतर हात पोचत नाही.

उत्तर (श्रीवर्धन)
विरी नको. पत्रावळीच्या ताटल्या करताना ती भिजवून मऊ करतात आणि गरम साच्यात दाबतात, म्हणजे पाणी लागलं की ती पुन्हा मऊ होणारच. दिवाळीनंतर प्रयोग म्हणून जरूर करा, आवाज कोरडा, टणक येतो.
चीर पडली ती माणग्यामुळे. पावसात बांबू फुगतो आणि घट्ट भोकातून करवंटीला फाडतो. चिरेच्या टोकाला दीड मिमीचं भोक पाडा, म्हणजे ती पुढे सरकणार नाही. मग पातळ इन्स्टंट गोंद मुरवा आणि आतून इपॉक्सीत भिजवलेली सुती पट्टी लावा. दांड्याचं भोक गोल कानशीने अर्धा मिमी सैल करून कापडाची पट्टी गुंडाळा. तारेचा सगळा ताण दांड्यानेच घ्यायला हवा, म्हणून तार करवंटीला न बांधता दांड्याच्या शेपटीला बांधा.
नवी करवंटी घ्याल तेव्हा तिच्यावरच्या तीन उभ्या धारा बघा. भोक धारेवर पाडू नका, फुटते तिथेच. डोळ्यांची बाजू मागे ठेवा. मऊ डोळा टोचून १२ मिमीपर्यंत वाढवला की आवाजाचं छिद्र तयार.

प्रश्नकर्ता
तबकडी बसवली की आवाज दबेल ना? आताच खर्ज पोकळ लागतो.

उत्तर (वेंगुर्ला)
खर्ज कातड्यामुळे पोकळ लागत नाही. ११ सेंमीच्या करवंटीतून १३८ हर्ट्‌झचा मूळ सूर फारसा बाहेर येतच नाही, आपण ऐकतो ते वरचे स्वर. वरची काळी एक लावा, २७७ हर्ट्‌झ, तार ०.०१० इंची. ६० सेंमी लांबीला ताण साडेचार किलोच्या आसपास येतो, तो माणगा सहज पेलतो. सध्याच्या तारेवर जेमतेम तीन किलो आहे. वाजवून झाल्यावर तार कोरड्या फडक्याने पुसा आणि शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब फिरवा, नाहीतर खाऱ्या वाऱ्यात ती लवकर गंजते.
स्पीकरला जोडायची असेल तर २७ मिमीची पिझो चकती (थरथर टिपून तिचा विजेचा संकेत करणारी) तबकडीच्या आतून, घोडीच्या जरा बाजूला, बसवण्याआधीच चिकटवा. पुढच्या यंत्राचा इनपुट किमान १ मेगओहमचा हवा. माइकच्या साध्या इनपुटला जोडलीत तर खालचा आवाज गळतो आणि नुसती किणकिण उरते.