भिगवणचे पट्टकदंब आणि आमचं ढेकूळ
व्वा, तुमची भिगवणची पोस्ट वाचली, उजनीच्या पाण्यावर पट्टकदंबांचा (डोक्यावर काळे पट्टे असलेल्या रानहंसांचा) अख्खा थवा, तोही होडीतून इतक्या जवळून! हिमालय ओलांडून आलेले पाहुणे ते, जळलो राव. आमची कमाई नाशिकजवळच्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यातली, तिथे चापडगावला पक्षी बघायच्या मनोऱ्यावर तासभर नुसत्या जांभळ्या पाणकोंबड्या बघून कंटाळलो आणि गाडीकडे परत जाताना बांधाजवळच्या गवतात चक्क रंगीत पाणलाव्यांची (दलदलीतल्या लांब चोचीच्या पक्ष्यांची) जोडी, चिखलात इतकी मिसळलेली की बायकोने बोट दाखवलं तरी मला ढेकूळच वाटलं. यांच्यात मादी नटलेली, नर फिका आणि अंडी उबवायचं कामही त्याच्याच गळ्यात, त्यावरून घरी येईपर्यंत टोमणे ऐकले ते वेगळेच 😄 फोटो ब्लर आलाय, पण मादीच्या डोळ्याभोवतीचा पांढरा पट्टा कळतो. टाकतो रात्री.