गटासोबत धावताना कायम मागे पडणाऱ्याने काय करावे?

पहाटवारा:
नमस्कार. माझे वय 48 असून गेले वर्षभर मी पुण्यात, पाषाणच्या बाजूला, आठवड्यातून तीन दिवस एकटी धावते. एका किलोमीटरला मला साधारण साडेआठ मिनिटे लागतात. दोन महिन्यांपूर्वी शेजारच्या वहिनींच्या आग्रहावरून रविवारच्या एका गटात जाऊ लागले. पहाटे सव्वापाचला सगळे चौकातल्या दिव्याखाली जमतात, अंग मोकळे करताना छान गप्पा होतात आणि पहिल्या किलोमीटरनंतर मला कोणीच दिसेनासे होते. मी परत पोहोचते तेव्हा केळी संपलेली असतात, सर्वांचा एकत्र फोटो काढून झालेला असतो आणि निम्मी मंडळी घरी गेलेली असतात. वेग वाढवून पाहिला, तर पोटरी आखडली. मला सोबत हवी आहे, पण कोणाला माझ्यासाठी खोळंबून ठेवणे मनाला पटत नाही. गट सोडावा का?

सातारकर:
ताई, गट सोडू नका. दोष तुमच्या वेगात नाही, आखणीत आहे. रविवारची लांब धाव मुळात पूर्ण वाक्ये बोलता येतील इतक्याच वेगाने धावायची असते, आणि ज्यांना जोरात पळायचे आहे त्यांच्यासाठी आठवड्यातला दुसरा एखादा दिवस राखून ठेवता येतो. आमच्या गटातही पूर्वी हीच तक्रार होती. मग आम्ही अंतर ठरवणे बंद करून वेळ ठरवू लागलो. सर्वांनी एकदम निघायचे आणि पस्तीस मिनिटे झाली की जो जिथे असेल त्याने तिथूनच मागे वळायचे. वेगवान माणूस सहा किलोमीटरवरून वळतो, तुमच्यासारखी चार किलोमीटरवरून, आणि जाता-येता वेग सारखा ठेवला तर सगळे जवळपास एकाच वेळी चौकात परततात. शिवाय परतीच्या वाटेवर पुढचे लोक मागून येऊन गाठतात, तेव्हा शेवटचा टप्पा आपोआप सोबतीने होतो.

यवतेश्वरच्या घाटात मात्र चढ-उतारामुळे हे गणित बसत नाही. तिथे पुढचे धावपटू प्रत्येक मोठ्या वळणावरून उलटे फिरून शेवटच्या माणसापर्यंत येतात आणि पुन्हा चढू लागतात. त्यांची धाव वाढते आणि मागच्याला एकटे वाटत नाही. वळणावर थांबून वाट पाहण्याची पद्धत मला पटत नाही, कारण मागचा माणूस धापा टाकत पोहोचला की पुढचे लगेच निघतात आणि ज्याला विश्रांतीची सर्वाधिक गरज असते त्यालाच ती मिळत नाही.

थेम्सकाठी:
मी लंडनमध्ये राहतो. इथल्या बुशी पार्कमध्ये 2 ऑक्टोबर 2004 रोजी 13 धावपटूंनी ज्या शनिवारच्या धावेची सुरुवात केली, ती आज पार्करन या नावाने अनेक देशांत होते. अंतर 5 किलोमीटर, शुल्क काही नाही. त्यातली मला सर्वांत भावलेली प्रथा म्हणजे एक स्वयंसेवक मुद्दाम सर्वांच्या मागे चालतो आणि शेवटची रेषा तोच ओलांडतो, त्यामुळे शेवटचा क्रमांक दुसऱ्या कोणाच्या वाट्याला येतच नाही. माझ्या पहिल्या शनिवारी एक साठीच्या बाई ते काम करत होत्या. मी चालू लागलो की त्याही चालत, आणि त्यांनी एकदाही घड्याळाकडे पाहिले नाही. तुमच्या गटात ही जबाबदारी आळीपाळीने घेता येईल.

मंदगती:
मला एका वेगळ्याच गोष्टीची काळजी वाटते. हिवाळ्यात सव्वापाचला मिट्ट काळोख असतो, रस्त्यावर कुत्री असतात, पायाखालचा खड्डा दिसत नाही. अशा वेळी मागे राहिलेली व्यक्ती पोहोचली की नाही हे न पाहता घरी जाणे अत्यंत चुकीचे आहे. निघताना आणि परतल्यावर डोकी मोजणे हा पहिला नियम असायला हवा. खोळंबा होईल हा संकोच सोडून हे तुम्ही स्पष्ट सांगा. गटातच तुमच्या वेगाची आणखी एखादी व्यक्ती मिळते का, तेही विचारा. संकोचामुळे येणे सोडून दिलेल्या अशा दोघी आम्हाला तरी सापडल्या होत्या.

पहाटवारा:
सर्वांचे मनापासून आभार. आज गटातल्या एका ज्येष्ठ काकांशी बोलले. मी किती मागे राहते हे त्यांच्या लक्षातच आले नव्हते आणि त्याचे त्यांना फार वाईट वाटले. येत्या रविवारी पस्तीस मिनिटांनी वळायचे ठरले आहे आणि काका स्वतः शेवटी राहणार आहेत. मंदगती, तुमच्या सांगण्यावरून वहिनींना विचारले, तेव्हा मार्चपासून येणे बंद केलेल्या एका मैत्रिणीचे नाव त्यांनी लगेच सांगितले. तिला आज संध्याकाळी फोन करते.